अजबेस्टा कंपनीचा पत्रा

एखाद्या माणसाला गावाने एकदा जाणकार ठरवले, की त्याला पुढे काही जाणून घेण्याची गरज उरत नाही. समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात बंडूजी साटोणे यांना हा दर्जा मिळून तीस वर्षे उलटली आहेत, आणि या तीस वर्षांत त्यांनी तो कोणत्याही नव्या माहितीने मलिन होऊ दिलेला नाही.

घराण्याचा मूळ धंदा तेलाच्या घाण्याचा. वडिलांच्या काळात घाणा बंद पडला, त्या जागी किराणा आला, आणि किराणा बंडूजींच्या हाती आल्यावर त्यांनी त्या जागी पत्रे, पाइप, तार आणि खिळे आणले. १९९१ च्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या घरावरचे कवेलू, म्हणजे मातीची कौले, उतरवून सिमेंटचे पत्रे चढवले. गावातले हे पहिले सिमेंटचे छप्पर. ते पाहायला शेजारच्या गावांतून माणसे आली होती असे बंडूजी सांगतात, आली असतीलही. त्यानंतर दहा वर्षांत गावातले जवळजवळ प्रत्येक कवेलू त्यांच्या सल्ल्याने उतरले आणि त्यांच्या दुकानातला पत्रा त्या जागी चढला.

त्यांचे ज्ञान त्यांच्या मधल्या बोटाच्या पेरात होते. पत्रा भिंतीला टेकवून उभा करायचा, पेराने टकटक करायची, डोळे मिटून कान लावायचा आणि ‘हा पक्का’ किंवा ‘हा कच्चा’ असा निवाडा द्यायचा. गिऱ्हाईक या क्षणी श्वास रोखून उभे असे. पक्का ठरलेला पत्रा पुढे तडकलाच, तर दोष बसवणाऱ्याचा, वाऱ्याचा किंवा छपरावर चढलेल्या माकडांचा निघे. निवाडा चुकल्याची एकही नोंद गावाच्या स्मृतीत नाही.

पत्रे कापायचे काम घराच्या अंगणातच होई. प्रेमदास मिस्त्री पंचवीस वर्षे तिथे उकिडवा बसून करवतीने कोरडा पत्रा कापत आला. पांढुरका भुगा त्याच्या भुवयांवर, तुळशीच्या पानांवर आणि वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसे. बंडूजींच्या पत्नी कौशल्याबाई तो रोज खराट्याने झाडत. तो फेकून द्यायला मात्र त्यांना परवानगी नव्हती. बंडूजींच्या मते पत्र्याच्या भोकाला पत्र्याचाच भुगा लागतो. त्यामुळे तो डब्यात साठवला जाई, मृगाच्या आधी त्याच्या कागदी पुड्या बांधल्या जात, आणि ज्याचे छप्पर गळते त्याला एक पुडी फुकट मिळे. सिमेंटात कालवून भोक बुजवायचे. माणसे पुडी उघडून आधी वास घेत, का ते त्यांनाच ठाऊक. एका माणसाच्या अडाणीपणाचे इतके निःस्वार्थ वाटप तालुक्यात दुसरीकडे कुठे झाले असेल असे वाटत नाही.

होळी झाली की छपरावरचे वाळलेले शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून वर चुन्याचा हात मारायचा, म्हणजे वैशाखात घर थंड राहते, हा शोधही त्यांचाच. चुन्याने घर थोडे थंड राहते हे खरे आहे. खरवडण्याने काय होते, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न मयुरीने विचारला. मयुरी त्यांची सून; माहेर सेलूचे, नोकरी सेवाग्रामच्या दवाखान्यात एक्स-रे काढण्याची. मुलगा प्रफुल तीन एकरांत वांगी-टमाटर लावून माल हिंगणघाटला नेणारा, बापापेक्षा कमी बोलणारा. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मयुरीने दोनदा हा विषय काढला. या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेतो ते सिमेंटात धरलेले राहतात, पण कापला, खरवडला, फोडला की हवेत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, छातीत जाऊन बसतात आणि त्यांचे परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतात, असे तिने सांगितले. दोन्ही वेळा बंडूजींनी तिचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग तिला सिमेंटचे फायदे समजावून सांगितले.

पुढे ती पहिल्या बाळंतपणासाठी सेलूला गेली. जानेवारीत मुलगी झाली. बाळ-बाळंतिणीसाठी घरातली मागची खोली ठरली, कारण तिला खिडकी आहे. आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी पंधरा मिनिटे गारा पडल्या, त्यांत नेमके त्या खोलीवरचे सहा पत्रे तडकले. दोन तर मधोमध फुटले, आणि फटीतून रिकाम्या पाळण्यावर ऊन पडू लागले.

बंडूजींची योजना तासाभरात तयार झाली. प्रेमदासने वर चढून घणाने सगळे पत्रे आत पाडायचे, तुकडे अंगणात पसरून त्यावर मुरूम दाबायचा, म्हणजे बारशाच्या मांडवाला पक्की जमीन मिळेल. एका कामात दोन कामे. प्रफुलने हे फोनवर बायकोला सांगितले. तिने उत्तर दिले ते एवढेच: “एकही पत्रा फोडू नका. मी उद्या येते. आणि ते जर फुटले, तर मी पोरीला घेऊन त्या घरात येणार नाही. कधीच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलीला आपल्या आईजवळ ठेवून, ती एकटी एसटीने आली. प्रेमदास शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता. गावातले चार प्रतिष्ठित, कामाला हात न लावता देखरेख करण्यासाठी, बाजेवर बसले होते.

“प्रेमदासभाऊ, खाली या बरं आधी,” मयुरी म्हणाली.

“शेठजी म्हणतीन तं येतो, बाई.”

“काऊन?” बंडूजी बाजेवरूनच म्हणाले. “पोरगी कुठं हाये? तू एकटीच आली?”

“ती येणार नाही म्हणून तर मी आली, मामाजी. हे पत्रे फोडले तर सगळा भुगा घरात. त्याच जागी तिला निजवायचं, त्याच अंगणात ती रांगणार.”

“अवो, सिमेंट हाये ते!” बंडूजींनी चौघांकडे पाहून घेतले. “सिमेंट छातीत गेलं तं छाती पक्कीच होईन. आर.सी.सी.!”

बाजेवर मोठा हशा झाला. प्रेमदासही शिडीवर हसला आणि हसता हसता खोकू लागला. खोकला थांबेपर्यंत त्याला शिडीला मिठी मारावी लागली.

“किती दिवसांपासून खोकून राहिले, भाऊ?” मयुरीने विचारले.

“बिडीचा हाये, बाई. जुना दोस्त.”

“एक दिवस सेवाग्रामला या. मीच फोटो काढून देते छातीचा.”

“फोटो काढाले मी का नवरदेव हाये?” असे म्हणून तो खाली उतरला. ते सुनेचे ऐकून की खोकल्याने, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

भिंतीला एक जुना उरलेला पत्रा उलटा टेकवलेला होता. त्याच्या पाठीवर निळ्या शाईचा, अर्धा विरलेला इंग्रजी शिक्का होता. मयुरीने त्यावरच्या एका शब्दाखाली बोट ठेवले.

“हे काय लिहिलं आहे, मामाजी?”

आणि इथे, चार प्रतिष्ठितांच्या साक्षीने, बंडूजी साटोणे यांच्या तीस वर्षांच्या विद्वत्तेचा पाया उघडा पडला. त्यांनी मान किंचित तिरपी केली आणि अत्यंत सहजपणे सांगितले:

“अजबेस्टा. कंपनीचं नाव हाये ते.”

“कंपनीचं?”

“मंग! मी पहिल्यापासून अजबेस्टा कंपनीचाच पत्रा ठेवतो. दुसरी कंपनी दुकानात ठेवतच नाई. पुसून पाह्य गावात.”

गावात विचारण्याची गरज नव्हती. बाजेवरच्या चौघांनी माना डोलावल्या. साबणाच्या वडीवर, पंपावर, बियाण्याच्या पिशवीवर जो ठळक शब्द असतो ते करणाऱ्याचे नाव असते. त्या न्यायाने पत्र्यावरचा ठळक शब्दही करणाऱ्याचेच नाव असणार, असे एका माणसाने १९९१ साली ठरवले, आणि संपूर्ण गावाने ते मानले. गेली तीस वर्षे गिऱ्हाइके दुकानात येऊन ‘अजबेस्टाचाच द्या, दुसरा नको’ असे बजावत होती. ज्या शब्दाने सावध व्हायचे, तो शब्द येथे खात्रीचा शिक्का म्हणून चालला. मयुरीने दोनदा ॲस्बेस्टॉसविषयी सांगितले तेव्हा, आपली सून एका नामांकित कंपनीची विनाकारण बदनामी करते आहे, असे बंडूजींना वाटले होते. घरातली म्हणून त्यांनी ते सहन केले.

मयुरीने सासऱ्यांना समजावण्याचा नाद सोडला. तिच्यापुढे सहा पत्रे होते आणि दुपारची एसटी होती.

“बरं,” ती म्हणाली. “मग ही कंपनी खराब निघाली म्हणा. हिचा माल घरात फोडायचा नाही. ज्या रीतीने मी सांगते त्या रीतीने काढायचा.”

“कंपनी खराब निघाली असन तं गोष्ट वेगळी,” बंडूजी म्हणाले. कंपनी चुकू शकते, आपण नाही. या अटीवर त्यांना कुठलेही सत्य मान्य होते.

पुढचे दोन तास अंगणात जे झाले ते गावाने यापूर्वी पाहिलेले नव्हते, आणि त्यातली एकही वस्तू गावाबाहेरची नव्हती. तोंडाला लावायचे दवाखान्यातले घट्ट मास्क तेवढे मयुरीने सोबत आणले होते. ‘शेला हाये ना माह्या जवळ’ म्हणणाऱ्या प्रेमदासला तिने सांगितले, की शेल्याच्या विणीतून हे तंतू सरळ आत जातात. चारही प्रतिष्ठितांना आणि बंडूजींना तिने रस्त्यापलीकडे पाठवले. बाज मात्र त्यांनी सोबत नेली. घराच्या खिडक्या-दारे लावली, खोलीतला पाळणा आणि गाद्या आधीच बाहेर काढल्या. प्रफुलने फवारणीचा नवा, अजून औषध न शिवलेला पंप आणला. त्यात पाणी आणि साबणाचा थोडा चुरा. पत्र्यांवर वरून आणि आत खोलीतून खालून धुक्यासारखी फवारणी झाली. जोराची धार मारायची नाही, नुसते भिजवायचे.

“वांग्याले मारतो तसंच ना?” प्रफुलने विचारले. सकाळपासूनचे त्याचे हे पहिले वाक्य होते.

“तसंच. फक्त इथं कीड दिसत नाही.”

तडकलेल्या पत्र्यावर पाय द्यायचा नाही म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत फळी टाकली. पत्रे वाशांना धरून ठेवणारे लोखंडी आकडे गंजले होते. प्रेमदासचा हात सवयीने घणाकडे गेला आणि सवयीनेच मागे आला. त्याने आकडे एकेक करून कापले आणि पत्रा दोरीने, अखंड, दोघांच्या हातांवर खाली सोडला. ओला पत्रा जमिनीवर आपटला नाही. फुटलेल्या दोन पत्र्यांचे तुकडे ओले असतानाच हाताने उचलले. वांग्यांच्या वाफ्यांवर अंथरतात तो काळा मल्चिंगचा कागद शेतातून आला होता. त्यात प्रत्येक पत्रा दुहेरी गुंडाळून चिकटपट्टीने बंद केला. कौशल्याबाई खराटा घेऊन आल्या तेव्हा मयुरीने त्यांचा हात धरला.

“झाडायचं नाही, आई. झाडलं की उडते. ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि फडकंही त्याच कागदात बांधायचं.”

“तीस वर्षं झाडलं मी,” कौशल्याबाई म्हणाल्या. त्या तक्रार करत नव्हत्या. त्यांनी नुसता हिशेब लावला आणि खराटा भिंतीशी ठेवला.

भुग्याचा डबाही त्याच दिवशी भिजवून बांधला गेला. बंडूजींनी त्याला हरकत घेतली, पण रस्त्यापलीकडून घेतलेली हरकत फारशी ऐकू येत नाही. गठ्ठ्यावर मयुरीने जाड पेनाने आधी मराठीत ‘आत ॲस्बेस्टॉस आहे, उघडू नये’ असे लिहिले आणि खाली, नेणाऱ्याला कळावे म्हणून, तोच शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत काढला. ग्रामपंचायतीत विचारल्यावर ‘नाल्यात टाका, पावसात वाहून जाईन’ असा शासकीय दर्जाचा सल्ला मिळाला होता. प्रफुलने तो बाजूला ठेवून असा कचरा नेण्याचा परवाना असलेल्या नागपूरच्या एका वाहनवाल्याला गाठले. तो येईतो गठ्ठा जुन्या घाण्याच्या खोलीत कुलपात राहिला. मयुरीने आंघोळ केली, अंगावरचे कपडे भिजवून पिशवीत बंद केले आणि दुसरे कपडे घालून मगच ती मुलीकडे परत गेली. जाताना तिने घरच्या उरलेल्या छपराविषयी सांगितले: जे पत्रे अखंड आहेत त्यांना हात लावू नका, खरवडू नका, त्यांत भोके पाडू नका, कापायची करवत अंगणातून जाईल, आणि या खोलीवर नवे छप्पर चढले की सोमवारी मी मुलीला घेऊन येते.

शनिवारी दुपारी ट्रॅक्टरची ट्रॉली दारात उभी राहिली. बंडूजींनी हिंगणघाटच्या ठोक व्यापाऱ्याकडून नवे पत्रे मागवले होते. त्यांनी या वेळी विशेष काळजी घेतली होती. पत्र्यांवर लाल रंगात, वीतभर उंच, वेगळेच नाव छापलेले होते.

“पाह्य!” त्यांनी कौशल्याबाईंना बाहेर बोलावले. “कंपनी बदलवली. आता तं सूनबाईचं समाधान होईन ना?”

कौशल्याबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी त्यांना येत नाही, आणि येत नसल्याचे त्यांना माहीत आहे; या दुसऱ्या गोष्टीत त्या नवऱ्याच्या पुष्कळ पुढे होत्या. त्यांनी घाण्याच्या खोलीचे कुलूप काढले, दारातूनच गठ्ठ्यावरचा शब्द नीट पाहिला, ट्रॉलीपाशी आल्या आणि पत्र्याच्या कडेला असलेल्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवू लागल्या. परत दाराशी गेल्या. परत आल्या. असे तीनदा झाले. ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हात ठेवून बसला.

“बाई, उतरवून घ्या ना. मले दुसरी फेरी हाये.”

“थांब बाप्पा,” त्या म्हणाल्या. “हे तं तेच हाये. पहिलं अक्षर हेच, शेवटचं अक्षर हेच. मंधातली बी तीच.”

बंडूजींनी वाकून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलले. पण तीस वर्षांचा सराव कामी आला.

“ते बारीक अक्षरात हाये,” ते म्हणाले. “बारीक अक्षर सगळेच टाकतेत. ते लागू नसते.”

“मोठं नाव कंपनीचं असते ना?”

“हो.”

“मंग बारीक कायचं असते?”

बंडूजींच्या साऱ्या आयुष्यात त्यांना विचारला गेलेला हा सर्वांत अवघड प्रश्न असावा. रस्त्यावर आता सात-आठ माणसे जमली होती, त्यांत बाजेवरचे चौघेही होते. गावाच्या जाणकाराने पत्र्यावर पेराने टकटक केली, डोळे मिटले, कान लावला. पत्रा काही बोलला नाही.

“उतरवू नको,” कौशल्याबाई ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या. “घेऊन जा वापस.”

“अवो, तू काऊन तमाशा करून राह्यली?” बंडूजींचा आवाज चढला. “इतकी वर्षं याच पत्र्याखाली निजली तू. काय झालं तुले?”

“मले काय झालं हे कोणी इचारलंच नाई,” कौशल्याबाई म्हणाल्या. “नातीले मी याच्याखाली नाई निजवत. हे उतरलं तं मी सेलूले जातो, आन् पोरगी जिथं राहीन तिथं राह्यतो. तुमी रांधून खाजा.”

हे शेवटचे वाक्य बंडूजींना तत्काळ कळले. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हाताने इशारा केला आणि ट्रॉली पत्र्यांसह परत वळली. चौघांपैकी एकाने ‘माल कच्चाच होता, आवाज बरोबर नव्हता आला’ असे मत दिले, आणि बंडूजींची अब्रू जेवढी वाचायची तेवढी वाचली.

खोलीवर प्रफुलने जस्ताचा मुलामा दिलेले टिनाचे पत्रे आणून प्रेमदासकडून बसवून घेतले. सोमवारऐवजी पुढच्या गुरुवारी मयुरी मुलीला घेऊन आली. प्रेमदास अजून सेवाग्रामला गेलेला नाही; पोळ्यानंतर पाहू म्हणतो. करवत अंगणातून गेली आहे. बंडूजींचे दुकान पूर्वीसारखेच चालते, कारण असा पत्रा या देशात आजही राजरोस विकला जातो. फरक इतकाच, की आता ते गिऱ्हाइकाला दोन कंपन्या दाखवतात, आणि ज्याला अजबेस्टाची भीती वाटते त्याला लाल अक्षरांचा पत्रा देतात. त्यांनी गेल्या तीस वर्षांत शिकलेली ही एकमेव नवी गोष्ट होय.

मागच्या खोलीविषयीचे त्यांचे मत वाईट आहे. टिनाचा पत्रा हा त्यांच्या लेखी शेळ्यांच्या गोठ्याचा माल. वैशाखात तो खरोखर तापतो. प्रफुलने आतून बांबूच्या चटयांचे छत बांधले, खिडकीला कूलर लावला, तरी भर दुपारी खोलीत वाफ असते. बंडूजी आत पाऊल टाकत नाहीत. जेवण झाले की दारापर्यंत येतात, वर पाहतात आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात आपला निवाडा देतात:

“तापते हे. मी पहिलेच सांगितलं होतं. भल्लं तापते!”

“तापते तं तापू द्या,” पाळण्याची दोरी न थांबवता कौशल्याबाई म्हणतात. “हळू बोला. झोपली हाये ते.”